उंदीर, घूस की चिचुंद्री?

चेन्नईतील तिरुवल्लिकेणीच्या जुन्या, दाट वस्तीत, पार्थसारथी मंदिरालगतच्या गल्ल्यांत रात्री पळताना दिसणारा प्रत्येक लहान प्राणी सरसकट ‘उंदीर’ ठरतो. रोगांच्या अभ्यासास एवढी ओळख पुरत नाही.

काळा उंदीर माळ्यावर व छपरावर चढतो. त्याची शेपटी डोके आणि धड यांच्या एकत्रित लांबीहून अधिक असते. गटारांत व बंदरांजवळ आढळणाऱ्या तपकिरी उंदराची शेपटी त्याहून आखूड असते. घूस बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग करते. (इंग्रजीतील ‘बँडिकूट’ हे तिचे नाव तेलुगूतील ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून आले.) घुशीचे पिल्लू आणि तपकिरी उंदीर यांत जाणकारांचीही गल्लत होते. तेव्हा जनुकीय तपासणीच निर्णायक ठरते.

पावसाळ्यात बळावणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदीर व घूस या दोहोंच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि त्वचेवरील जखमांतून शरीरात शिरतात. ‘सोल’ नामक हंताविषाणूचा मुख्य वाहक मात्र तपकिरी उंदीर आहे.

तमिळनाडूतीलच वेल्लोर येथे १९६४ साली चिचुंद्रीपासून थोट्टपाळयम विषाणू वेगळा करण्यात आला. तो हंता कुळातील असल्याचे पुढे सिद्ध झाले. चिचुंद्री ही कृंतक नव्हेच, ती कीटकभक्षी आहे. त्यामुळे हंताविषाणू केवळ कृंतकांतच आढळतात, हा समज टिकला नाही.

नियंत्रणाचे उपायही जातीनुसार बदलतात. घुशीसाठी बिळात ठेवलेले विष माळ्यावरील काळ्या उंदरापर्यंत सहसा पोहोचत नाही.