चूल लिंपायची की बदलायची?



चूल जास्त धूर करायला लागली, की घरात दोन मतं पडतात. सासूबाई म्हणतात, लिंपून घे, अजून दोन वर्षं जाईल. सून म्हणते, काढून टाका, नवीन आणू. मग गोष्ट गटाच्या कर्जापर्यंत येते. हा प्रश्न आपल्याआधी सरकारलाही पडला होता. तेव्हा काय झालं, ते आज सांगते.

आपल्या आज्या-पणज्या चूल स्वतःच घालायच्या. माती, शेण, भुसा कालवायचा, वैल काढायचा, सकाळी पोतेरं द्यायचं. भेग पडली की लिंपायची. चुलीचा कारागीर घरातच होता. खोट एकच होती, धूर. तो कितीही लिंपलं तरी जात नव्हता. कारण खोट मातीत नव्हती, बांधणीत होती. धुराला बाहेर जायला वाटच नव्हती.

ही वाट काढायचं काम आपल्याच महाराष्ट्रात झालं. 1934 साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून चाले. धुराड्याची ‘मगन चूल’ तिथलीच. पुढे 1953 साली हैदराबादचे इंजिनिअर एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. त्यांच्या चुलीत एकाच जाळावर अनेक भांडी तापत आणि धूर धुराड्यातून बाहेर पडे.

मग 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो 2002 पर्यंत चालला. देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली दिल्या गेल्या. पण त्यातल्या कितीतरी काही वर्षांतच बंद पडल्या. काही ठिकाणी धुराडं काजळीने तुंबलं, ते झाडायचं कसं हे कुणी दाखवलं नव्हतं. काही ठिकाणी चुलीचं तोंड लहान, जाड लाकूड आत जाईना, म्हणून बायकांनी तोंड फोडून मोठं केलं. मग हवेचा ओढा बिघडला आणि धूर पुन्हा घरात. चूल बांधणारा तोवर पुढच्या गावाला गेलेला. बाईला जुनी चूल दुरुस्त करता येत होती, नवी येत नव्हती.

2016 पासून उज्ज्वला योजनेत घरच्या बाईच्या नावाने गॅस आला. 8 कोटीवी जोडणी तर 7 सप्टेंबर 2019 रोजी तेव्हाच्या औरंगाबादला, बचत गटांच्याच मेळाव्यात दिली गेली. तरी सिलिंडरचे पैसे जमेपर्यंत आणि आंघोळीच्या पाण्याला अजून कितीतरी घरांत चूल पेटते. म्हणून प्रश्न जुना झालेला नाही.

तर ठरवायचं कसं? आधी चूल गार असताना धुराडं झाडा. वैलाकडे जाणारी वाट राखेने भरली असेल तर मोकळी करा. भेगा लिंपा, वाळू द्या आणि मग पेटवून बघा. धूर गेला, तर खोट मातीची होती. कर्ज काढू नका. पण चुलीला धुराडंच नसेल, किंवा सगळं करूनही धूर घरातच फिरत असेल, तर खोट बांधणीची आहे. तिथे लिंपण्यात दिवस घालवू नका, बदला. तो धूर आपल्या आणि लेकरांच्या छातीत जातो.

आणि नवीन घेताना विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. आमच्या तुरकाठ्या, पऱ्हाट्या यात जळतील का? आमचा तवा आणि पातेलं नीट बसेल का? आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार? तिसऱ्या प्रश्नाला गावातल्या माणसाचं नाव आलं पाहिजे. नाहीतर दुरुस्ती आपल्याला शिकवूनच त्याने पैसे न्यावेत. साडेतीन कोटी चुलींच्या वेळी हाच प्रश्न विचारायचा राहून गेला होता.