घेवडा : बियाण्यातील जननिक वैविध्य व डीएनए-चिन्हके

शेतकऱ्यांनी पिढ्यानुपिढ्या राखलेल्या घेवड्याच्या (राजम्याच्या) बियाण्यात किती निरनिराळे वंश एकत्र नांदत आहेत, याचा निर्णय डीएनए रेणूवरील ठरावीक स्थानांच्या भेदांवरून करण्याची पद्धती. या स्थानांस चिन्हके म्हणतात. घेवड्याचे शास्त्रीय नाव फॅसिओलस व्हल्गॅरिस असून त्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 11 जोड्या असतात.

पूर्वपीठिका : घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते; त्यामुळे प्रत्येक झाड जवळजवळ शुद्ध वंशाचे असते आणि शेतातील पीक हा अशा अनेक वंशांचा समुदाय असतो. डॅनिश शास्त्रज्ञ व्हिल्हेल्म योहान्सन यांनी ‘प्रिन्सेस’ वाणाच्या 19 दाण्यांपासून 19 वंश वेगळे वाढविले आणि 1903 मध्ये असे दाखवून दिले की, वंशावंशांतून केलेली निवड फळास येते, परंतु एकाच वंशातील जड आणि हलके दाणे निवडून पेरले, तरी संततीच्या दाण्यांचे सरासरी वजन तेच राहते. जमिनीचा कस व पाणी यांनी दाणा लहानमोठा होतो, वंश पालटत नाही. म्हणून दाण्याचे वजन हा वंशाचा भरवशाचा दाखला नव्हे.

कार्यपद्धती : कोवळे पान खलात घोटून त्यातील प्रथिनादी द्रव्ये वेगळी केली आणि उरलेल्या द्रावणात थंड अल्कोहोल ओतले, म्हणजे डीएनएचे पांढुरके तंतू तरंगू लागतात. पीसीआर प्रक्रियेने इष्ट खंडाच्या असंख्य प्रती करून त्या विद्युत्‌प्रवाहाने जेलमधून सरकविल्या, की लहान खंड पुढे जातात, मोठे मागे राहतात आणि पट्ट्यांची रांग उमटते. 1990 मध्ये पुढे आलेली आरएपीडी पद्धती स्वस्त व सुलभ खरी, पण पट्टा एकाच जनकाकडून आला की दोघांकडून, हे तीत कळत नाही; डीएनएच्या दोन ते सहा अक्षरांची (घटकांची) पुनरावृत्ती मोजणाऱ्या एसएसआर चिन्हकांत ते कळते. एकाच अक्षराचा भेद टिपणारी एसएनपी चिन्हके आज विशेष प्रचारात आहेत. अनेक झाडांची पाने एकत्र वाटल्यास विरळ वंश बहुसंख्यांत बुडून जातात. म्हणून प्रत्येक झाडाचा नमुना स्वतंत्र घ्यावा लागतो.

फलित : घेवड्याची लागवड मध्य अमेरिकेत व अँडीज पर्वतप्रदेशात दोनदा स्वतंत्रपणे सुरू झाली, हे 1980 नंतरच्या दशकात फॅसिओलिन या बीजप्रथिनाच्या अभ्यासाने सूचित केले आणि डीएनए-चिन्हकांनी दृढ केले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँडीजमधील वाणाच्या जनुकसंचाने मध्य अमेरिकी व अँडीज या दोन गटांतील विभागणीचा आणखी बारकाईने उलगडा केला. या भेदास व्यावहारिक मोलही आहे : दोन्ही गटांतील काही वाणांचा संकर केला असता संतती खुरटते वा मरते, म्हणून जनकांचे कुळ आधी ठाऊक असणे पैदासकारास हितावह ठरते. कोलंबियातील पाल्मिरा येथील बीजपेढीत घेवड्याचे हजारो नमुने जतन केलेले आहेत. त्यांतील पुनरुक्त नमुने हुडकण्यासही चिन्हके उपयोगी पडतात.

महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील कोरेगावच्या वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन लाभले आहे. दाण्यावरील पट्ट्यांमुळे वाघ्या चटकन ओळखू येतो. पण सारख्या पट्ट्यांच्या दाण्यांआड वंश एक आहे की अनेक, हे डोळ्यांस दिसत नाही. बाजारासाठी एकसारखे बियाणे निवडताना, रोगाशी वा अवर्षणाशी झुंजणारा एखादा वंश नकळत टाकून दिला जाऊ शकतो; म्हणून निवडीच्या आधी वंशांची मोजदाद करणे, हेच या चिन्हकांचे खरे प्रयोजन होय.