काचेच्या पेटीबाहेरचे हात

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड किनाऱ्यावर १९०३ साली लूना पार्क उघडलं. तिथल्या पाळण्यांच्या आणि खेळांच्या गर्दीत एका इमारतीत अपुऱ्या दिवसांची जिवंत बाळं ठेवलेली असत. दारातला माणूस आरोळ्या देऊन लोकांना बोलवी. आपल्याकडे जत्रेत दोन तोंडांचं वासरू पाहायला तंबूत शिरावं, तशी माणसं तिकीट काढून आत जात आणि कठड्याआडून ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांत डोकावत. मार्टिन कूनी यांनी हा खेळ १९४३ पर्यंत, म्हणजे चाळीस उन्हाळे चालवला. आईबापांकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत. दायांचा, परिचारिकांचा, इंधनाचा खर्च तिकिटातून निघे. या कहाणीत यंत्राचं आणि कूनींचं कौतुक नेहमी होतं. मला वाटतं, श्रेय चुकीच्या जागी जातं. लोकांनी पैसे मोजले ते पेटी बघायला; बाळं जगली ती पेटीबाहेरच्या बायकांमुळे.

पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए यांना ही पेटी सुचली ती प्राणिसंग्रहालयातली अंडी उबवण्याची यंत्रं पाहून. १८८० नंतर तिथल्या प्रसूतिगृहात ती वापरात आली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांनी मात्र ऊब पुरेशी मानली नाही. आईचं दूध, नेमकं वजन आणि जंतुसंसर्गापासून बचाव यांवर त्यांचा भर होता. कूनींच्या इमारतीतही दूध पाजणाऱ्या दाया राहत, परिचारिका रात्रंदिवस राबत. पेटी तीच, पण देखभाल ढिली, तर काय होतं हे १९०४ साली सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात दिसलं. तिथला बाळांचा खेळ दुसऱ्याच लोकांनी चालवायला घेतला होता. उन्हाळ्यात जुलाबाची साथ पसरली आणि अनेक बाळं गेली. मग जॉन झाहोर्स्की या डॉक्टरांकडे काम सोपवण्यात आलं. त्यांनी दूध आणि स्वच्छता यांची घडी बसवली. यंत्रच तारणहार असतं, तर आधी गेलेली ती बाळंही वाचायला हवी होती.

यावर पहिला आक्षेप असा की बाळांचा तमाशा मांडणं मुळातच हीन आहे. तो मला मान्य आहे. ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिक 'द लॅन्सेट'ने १८९८ सालीच असल्या प्रदर्शनांवर हरकत घेतली होती. बाळ अधिक इवलंसं दिसावं म्हणून कूनींकडची परिचारिका आपल्या बोटातली अंगठी त्याच्या मनगटात सरकवून दाखवी. असलं काही औषधोपचारात बसत नाही. पण तेव्हा बहुतेक इस्पितळांत अशा बाळांसाठी वेगळी सोयच नव्हती. हा खेळ नाकारणाऱ्या आईबापाला दुसरं दार कुठलं होतं? दुसरा आक्षेप आकड्यांचा, आणि तो अधिक वजनदार. सुमारे ८,००० पैकी ६,५०० बाळं वाचवली, हा आकडा खुद्द कूनींचा. त्यांच्या वैद्यकीय पदवीचा पुरावा मिळत नाही, आणि फार अशक्त बाळं तिथवर पोचण्याआधीच दगावत असणार. त्यामुळे हे प्रमाण जसंच्या तसं घेता येत नाही. पण आकडा निम्मा धरला तरी हजारो जीव उरतात, आणि सेंट लुइसचा दाखला त्या आकड्यावर मुळीच अवलंबून नाही.

शिकागोचे बालरोगतज्ज्ञ ज्युलियस हेस हे कूनींना मानत. १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कूनींचे आभार मानले, आणि १९३३ च्या शिकागो प्रदर्शनात दोघं मिळून उभे राहिले. पण हेस यांच्या इस्पितळातल्या विभागाचा कणा होत्या एव्हलिन लंडीन या परिचारिका. त्यांच्या शिस्तीमुळे डॉक्टरही त्यांना दबकून असत. त्या विभागाला तिकीट नव्हतं. बाळाला किती दूध द्यायचं आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, हे मात्र तिथे लंडीनबाई पाहत.