पक्कं बिल

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात किंवा रविवार पेठेत थोडी मोठी खरेदी केली, की गल्ल्यावरून प्रश्न येतो, ‘बिल पक्कं लागेल का?’ पक्कं म्हणजे जीएसटी लावलेलं, नंबर छापलेलं. बाकीचं सगळं कच्चं.

हा ‘पक्का’ मूळचा चुलीवरचा आणि शेतातला. संस्कृत ‘पक्व’ म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. प्राकृतात त्याची ‘पक्क’ आणि ‘पिक्क’ अशी दोन रूपं झाली. पहिल्यापासून ‘पक्का’ आला, दुसऱ्यापासून ‘पिकणं’ आणि ‘पीक’. तेव्हा शेतातलं पीक आणि दुकानातलं पक्कं बिल ही सख्खी भावंडं.

सरकारचा डोळा मुख्यतः पिकावर असे, म्हणजे शेतसाऱ्यावर. मग ज्याच्याकडे पीकच नाही, त्या कोष्ट्याकडून, तेल्याकडून, दुकानदाराकडून काय घ्यायचं? पेशवाईतल्या कागदांत त्याचं उत्तर ‘मोहतर्फा’ या नावानं सापडतं. अरबी ‘हिर्फा’ म्हणजे हुन्नर, धंदा. त्यावरून धंदेवाल्यांवर बसवलेल्या पट्टीला मोहतर्फा म्हणू लागले. पण नवी पेठ वसवायची तर व्यापारी आधी यायला हवेत. म्हणून त्यांना कौल दिला जाई: सुरुवातीला सूट, पुढे चढत्या दरानं वसुली. धंदा लहान असताना त्याच्या मागे लागू नये, हे शहाणपण तेव्हापासूनचं.

करांची नावं बदलत राहिली. अरबीत ‘जकात’ म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. मराठीत ती नाक्यावर ट्रक अडवून बसली. पुण्यातली जकात २०१३च्या मार्चअखेर गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. राज्याचा १९५९च्या कायद्याचा विक्रीकर २००५ साली व्हॅटला जागा देऊन गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. ‘नोंदणी’ हा शब्द मात्र या सगळ्या काळात अर्जावरच राहिला. बाजारात म्हणतात ‘नंबर काढला’. हा नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्र, आणि पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. तो दुकानाच्या पाटीवर लिहावा लागतो, प्रमाणपत्रही दर्शनी लावावं लागतं.

नंबर कधी काढायचा, हे ठरतं ‘उलाढाली’वर. एरवी हा शब्द आपण राजकारण्यांच्या खटपटींसाठी वापरतो. कायद्यात तो साधा वर्षाच्या विक्रीचा आकडा. माल विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात सर्वसाधारणपणे ४० लाखांपर्यंत, सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. त्याच्या आत असलेला दुकानदार विचारतो, आपणहून काढावा का?

उत्तर दुसऱ्या एका शब्दात आहे: ‘वजावट’. यातला ‘वजा’ही अरबीतूनच आलेला. समजा, नळाच्या सामानाच्या दुकानदारानं १००० रुपयांचा माल १८ टक्के कर भरून ११८० ला आणला आणि त्याला त्यात १२० रुपये सुटायला हवेत. नंबर नसेल तर तो १३०० ला विकेल. भरलेले १८० खर्चातच जातील. नंबर असेल तर त्या १८० ची वजावट मिळते. मालाची किंमत तो ११२० धरेल, वर कर २०१.६०, एकूण १३२१.६०. सरकारला भरायचे फक्त २१.६० आणि नफा तेवढाच. घरच्या गळक्या नळासाठी आलेल्या आजोबांना मात्र हे दुकान २१ रुपये ६० पैशांनी महाग पडतं. उलट जीएसटी भरणाऱ्या ठेकेदाराला कराची वजावट पुढे मिळते, म्हणून त्याला माल ११२० लाच पडतो, म्हणजे बिननंबरी दुकानापेक्षा १८० रुपयांनी स्वस्त. नंबरामुळे गिऱ्हाइकांची अशी वाटणी होते.

मधली वाटही आहे. सरकारी मराठीत ती ‘आपसमेळ योजना’, बाजारात ‘कॉम्पोझिशन’. दीड कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यानं एक टक्का भरायचा, कागदपत्रांचा व्याप कमी. पण गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही, वजावट मिळत नाही, परराज्यात माल विकता येत नाही. तिथं नंबर असतो, पण ठेकेदाराला हवं ते पक्कं बिल नसतं.

म्हणून नंबर काढायच्या आधी सीएकडे जाण्याबरोबर आणखी एक हिशेब करावा. महिनाभर वहीत खूण करत जावी: किती जणांनी नुसता भाव विचारला आणि किती जणांनी पक्कं बिल मागितलं. पहिले जास्त असतील तर सवलतीचा कौल आहे तोवर घ्यावा. दुसरे जास्त असतील तर नंबराला उशीर करण्यात नुकसान आपलंच.