माडी आणि अबकारी

बीअर हें जवाचें पेय. रत्नागिरीच्या तांबड्या मातींत जव होत नाहीं. तरीहि तिच्या जातीच्या पेयांत संस्मरणीय कोणतें, असें कोणी विचारल्यास आम्ही निःसंकोचपणें माडीचें नांव घेऊं. जवास मोड आणून, तो शिजवून, किण्व घालून जें साधावें लागतें, तें माडाच्या पोयींतून गळणाऱ्या रसांत मडक्यांतील व हवेंतील किण्व आपण होऊन साधतें. सकाळीं गोड, सायंकाळीं झणझणीत, पुढें आंबट शिरका! विलायती बीअर पिंपांत भरून आफ्रिकेस वळसा घालून मुंबईस येत असे. माडीस मात्र गांवाची वेस ओलांडणेंहि कठीण.

ह्या नाशवंतपणामुळेंच भंडाऱ्याचा धंदा गांवापुरता व घरगुती राहिला होता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें त्याची घडी मोडली. इलाख्यांत झाडांवरील कर वाढला. घरोघरच्या भट्ट्या जाऊन मक्त्याच्या मोठ्या भट्ट्यांस जोर आला. १९४९ च्या कायद्यानें तर दारूबंदीच आली.

मद्यपानाचा कैवार आम्हांस घ्यावयाचा नाहीं. त्यापायीं उध्वस्त झालेले संसार कोणीं पाहिले नाहींत? परंतु परकी सरकारचा डोळा नीतीपेक्षां महसुलावर होता, आणि त्याचा भार माडावर चढणाऱ्यानें सोसला, हेंहि इतिहासांत नमूद व्हावें. पोय बांधण्याची, ठेंचण्याची, छेदण्याची विद्या पोथींत नाहीं; एक पिढी चुकली कीं ती संपते. कोणा वाचकाच्या वाडींत ती जाणणारा वृद्ध भंडारी असेल, तर त्याच्या तोंडून ती आजच उतरवून घ्यावी.