टीका या शब्दाचे दोन अर्थ

घरात कोणी 'टीका करू नकोस' म्हणालं की त्याचा अर्थ 'नावं ठेवू नकोस' एवढाच असतो. पण या शब्दाचा जुना अर्थ वेगळा आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच की! आणि माउलींनी गीतेला नावं ठेवली असं काही कोणी म्हणणार नाही. मुळात असलेलं, पण आपल्याला सहज न दिसणारं, उलगडून आपल्या माणसांपुढे आपल्या भाषेत ठेवायचं, ही टीका.

सिनेमावर लिहिणाऱ्यांकडून मात्र आपण पहिल्याच अर्थाची अपेक्षा धरतो. चांगला का वाईट? किती स्टार? पैसे वसूल का? मंडळी, आज मला दुसऱ्या अर्थाच्या टीकाकाराबद्दल लिहायचंय. त्यांचं नाव अरुण खोपकर, आणि त्यांचं मला सगळ्यात प्रिय असलेलं पुस्तक म्हणजे 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका'.

त्याआधी थोडं मागे जाऊ. सिनेमावर लिहिणाऱ्या मराठी माणसांची परंपरा तशी जुनी आहे. बाबूराव पटेल आपल्या पालघरकडचे. 1935 साली त्यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं भल्याभल्या निर्मात्यांची झोप उडवली. वाचकांच्या प्रश्नांना ते जी तिखट उत्तरं देत, त्यासाठीच लोक मासिक विकत घेत. मंटोलासुद्धा या माणसावर लिहावंसं वाटलं, यावरून काय ते समजा. हा पहिल्या अर्थाचा टीकाकार, आणि त्यातला अस्सल.

दुसरे शिरीष कणेकर. मूळचे आमच्या शेजारच्या पेणचे. 2023 साली ते गेले तेव्हा पनवेल-पेणकडच्या बऱ्याच घरांत 'यादों की बारात' पुन्हा कपाटातून बाहेर आलं असणार. कणेकरांनी सिनेमावर प्रेम केलं, चेष्टा केली, गळा काढला. ते वाचताना वाटायचं की आपलाच कोणी मामा जेवणानंतर पान लावत गप्पा मारतोय. दोघंही मला आवडतात. पण एकाने निकाल दिला, दुसऱ्याने आठवणी दिल्या. पडद्यावर नेमकं काय घडतंय आणि ते आपल्याला का भिडतंय, हे सांगणारं तिसरं कोणीतरी हवं होतं.

ते तयार होण्यासाठी आधी बरंच काही घडावं लागलं, आणि ते घडलं आपल्या पनवेलच्या दोन बाजूंना. एका बाजूला सिनेमे काढणारी मुंबई, दुसऱ्या बाजूला ते जपणारं नि शिकवणारं पुणं. मधल्या जुन्या रस्त्यावर आपलं गाव. प्रभात कंपनी 1953 साली बंद पडली, आणि 1960 साली तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. 1964 साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. तिथे पी. के. नायर डबेच्या डबे गोळा करत होते, आणि सतीश बहादूर सिनेमा कसा पाहावा हे शिकवत होते. इकडे मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ निघालं. म्हणजे जुने सिनेमे पुन्हा बघायची सोय झाली आणि त्यावर बोलणारी माणसंही तयार झाली. एकदाच बघितलेल्या सिनेमावर टीका लिहिता येत नाही, ओवी पुन्हा पुन्हा वाचावीच लागते.

खोपकर याच इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकले. मणी कौल यांच्या 'आषाढ का एक दिन'मधला कालिदास तेच. पुढे त्यांनी नारायण सुर्वे, चित्रकार जहांगीर सबावाला आणि वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यावर लघुपट केले. म्हणजे हा टीकाकार कॅमेऱ्याच्या मागेही उभा राहिला होता आणि पुढेही.

इथे एक योगायोग सांगतो. गुरुदत्त 1944 साली नोकरीला लागले ते पुण्याच्या प्रभातमध्येच. देव आनंदशी त्यांची मैत्री तिथलीच. म्हणजे जिथे गुरुदत्त सिनेमा शिकले, त्याच आवारात वीस-पंचवीस वर्षांनी त्यांचा टीकाकार शिकला.

पुस्तक आलं 1985 साली, 'ग्रंथाली'कडून. 'बलुतं' आणि 'उपरा' घरोघरी पोचवणारी हीच ती वाचक चळवळ. त्या वर्षीचं सिनेमावरच्या सर्वोत्तम पुस्तकाचं राष्ट्रीय पारितोषिक या मराठी पुस्तकाला मिळालं. पुढे 2012 साली शांता गोखल्यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. नसरीन मुन्नी कबीर यांचा गुरुदत्तांवरचा माहितीपट 1989 चा. त्याच्याही चार वर्षं आधी मराठीत हे काम झालं होतं, याचा मला मराठी वाचक म्हणून जाम अभिमान आहे.

तीन अंक म्हणजे तीन सिनेमे. 'प्यासा' (1957), 'कागज़ के फूल' (1959) आणि 'साहिब बीबी और ग़ुलाम' (1962). खोपकर कथा सांगून मग अभिनय छान, संगीत श्रवणीय असं करत नाहीत. प्रकाश कुठून येतोय, कॅमेरा कधी जवळ जातो, गाणं कुठल्या क्षणी सुरू होतं, चेहरा कधी अंधारात ठेवलाय, या गोष्टी ते आपल्याला दाखवतात. हे वाचून सिनेमे पुन्हा बघितले की माहीत असलेले प्रसंग बदलून जातात.

'कागज़ के फूल'मधलं गीता दत्तचं ते गाणं घ्या. रिकामा स्टुडिओ, वरून येणारा उन्हाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ. व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून खरं ऊन स्टुडिओत आणलं होतं. हा आपला पहिला सिनेमास्कोप सिनेमा, म्हणजे पडदा आडवा, लांबच लांब. बहुतेकांना असा पडदा भरायला गर्दी नि डोंगर लागतात. इथे त्यात दोनच माणसं आहेत, एकमेकांपासून लांब, आणि मधे नुसती मोकळी जागा. दोघं जागचे हलत नाहीत. त्यांच्या छाया तेवढ्या शरीरातून बाहेर पडून एकमेकांकडे जातात. दोघांमधलं अंतर हाच त्या गाण्याचा विषय आहे. ते आपल्याला शब्दांआधी पडद्याच्या रुंदीनेच कळलेलं असतं.

किंवा 'साहिब बीबी'मध्ये छोटी बहू पहिल्यांदा दिसते तो प्रसंग. भूतनाथ मान खाली घालून आत येतो. त्याच्या नजरेने आपल्याला आधी गालिचा दिसतो, मग पावलं, आवाज ऐकू येतो आणि मग कधीतरी चेहरा. मीनाकुमारी सुंदर आहे हे कोणीही सांगेल. पण खालमानेने आलेल्या गरीब पोराच्या नजरेतून तिच्यापर्यंत जायला लागलेला वेळ, त्यात ते सौंदर्य आहे, हे उलगडून दाखवायला टीकाकार लागतो.

एक शंकाही नोंदवतो. 'साहिब बीबी'वर दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वींचं नाव आहे, आणि श्रेय कुणाचं हा वाद जुना आहे. शिवाय 'शोकांतिका' म्हटलं की आपण लगेच गुरुदत्तांच्या आयुष्याकडे वळतो: मद्य, गीता, वहिदा, 10 ऑक्टोबर 1964 आणि वय अवघं 39. गॉसिप त्यावरच जगतं. खोपकर मला आवडतात ते नजर पडद्यावरून हलू देत नाहीत म्हणून. माणूस कसा मेला यापेक्षा सिनेमा कसा जिवंत राहिला, हा त्यांचा प्रश्न आहे.

'कागज़ के फूल' 1959 साली सपशेल पडला. त्यानंतर गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा कुठेच लावलं नाही. मनात येतं, तेव्हाच असा एखादा टीकाकार असता तर? खरं सांगायचं तर सिनेमा तरीही पडलाच असता. तिकीटबारी काही पुस्तक वाचून हलत नाही. सिनेमा काढणाऱ्याला टीकाकार वाचवू शकत नाही. पण तो सिनेमा पुढच्या माणसांसाठी राखून ठेवू शकतो, उरलेलं काम डब्यांचं आणि संग्रहालयाचं.

2015 साली खोपकरांच्या 'चलत्-चित्रव्यूह'ला साहित्य अकादमी मिळाला. 2025 साली गुरुदत्तांची जन्मशताब्दी झाली, 'प्यासा' पुन्हा थेटरात लागला. मोबाईलवर गाण्याचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे बघणारी आपली भाचरं-पुतणे त्या निमित्ताने हे नाव विचारू लागलेत. त्यांना 'तेव्हाचे सिनेमे किती महान' असलं काही ऐकवू नका, ती पळून जातील. एक गाणं पूर्ण दाखवा आणि विचारा, ऊन कुठून येतंय?

असो. पुस्तक मिळालं तर आधी तिन्ही सिनेमे बघा, मग वाचा, मग पुन्हा बघा. आणि माझ्याशी पटलं नाही तर टीका जरूर करा. दोन्ही अर्थांची चालेल.