दाताचा खर्च कुठल्या कार्डावर? कमरीपेठेतल्या घरांसाठी माहिती

हुबळी : घरात पाच लाखांचं आरोग्य कार्ड आहे म्हणजे रूट कॅनलही फुकट होईल, असं समजून कुणी दवाखान्यात गेलं तर हात हलवत परत यावं लागतं.

आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक ही योजना 2018 पासून सुरू आहे. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. एपीएल असेल तर सरकार ठरलेल्या दराच्या 30 टक्केच भरतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. पण ही योजना मुळात ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. जबडा मोडला, जबड्यात गाठ झाली, गुटख्यानं तोंड उघडेनासं झालं किंवा तोंडाचा कॅन्सर निघाला, तर त्यात पॅकेज आहे. दातात सिमेंट भरणं, रूट कॅनल, कॅप हे त्यात बसत नाही.

कवळीसाठी मात्र राज्याची वेगळी दंत भाग्य योजना आहे. आधी ती 60 वर्षांवरच्या बीपीएल कार्डधारकांसाठी होती, पुढं वयाची अट 45 वर आणली. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यायची, तिथून दंत महाविद्यालयात पाठवतात. कवळी एका फेरीत मिळत नाही. माप, चावा, फिटिंग असं करत चार-पाच फेऱ्या होतात. रोजंदारीवाल्याचा तेवढ्या दिवसांचा पगार बुडतो, तो कुठल्याच योजनेत धरलेला नाही.

म्हणजे दात गेल्यावर सरकार पैसे देतं, वाचवायचा तर खिशातून. हिशेब उलटाच आहे, कारण वेळेवर भरलेलं सिमेंट कवळीपेक्षा स्वस्त पडतं.

राज्य सरकारची दंत महाविद्यालयं बेंगळुरू आणि बळ्ळारीत, हुबळीत नाही. दाढ काढायची तर विद्यानगरच्या केएमसीआरआयमध्ये (जुनं किम्स) दंत विभाग आहे. चिगरी बसनं सत्तूरला गेलं की 1986 साली सुरू झालेलं एसडीएम दंत महाविद्यालय. ते खाजगी आहे. अशा महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात, त्यामुळं बाहेरच्या दवाखान्यापेक्षा खर्च सहसा कमी येतो, वेळ जास्त जातो. कवळीसाठी जाताना दंत भाग्यचं काम तिथं चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

कोल्हापूर-सांगलीचे पाहुणे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं नाव सांगतात. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती सीमाभागातल्या 865 गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकानं आक्षेपही घेतला. पण ती गावं बेळगाव, कारवार, बिदर, कलबुर्गी भागातली. धारवाड जिल्हा त्यात नाही. घरात मराठी बोलतो म्हणून कमरीपेठेत ते कार्ड मिळणार नाही. आणि तीही योजना दवाखान्यात दाखल होणाऱ्यांचीच.

पगार 21 हजारांपर्यंत असून ईएसआय कापला जात असेल, तर आधी ईएसआय दवाखाना गाठावा. खाजगी पॉलिसीत अपघात सोडून दाताचा खर्च बहुधा वगळलेला असतो. 2020 च्या आरोग्य संजीवनी पॉलिसीत आजारामुळं किंवा इजेमुळं लागणारा दंतोपचार धरलाय, पण ॲडमिट किंवा डे-केअर असेल तरच. ओपीडीतला दंतोपचार पॉलिसीत छापलेला आहे का, ते हप्ता भरण्याआधी कागदावर बघावं. एजंटच्या तोंडी सांगण्यावर क्लेम मिळत नाही.